पोटाची चिंता मिटल्यानंतर : मीरा-भाईंदरमधील निवृत्तीचे प्रयोजन

१. प्रश्नाचे स्वरूप

निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसापुढे दोन प्रश्न उभे असतात. साठवलेला पैसा पुरेल का, हा पहिला. उगवलेला दिवस कशासाठी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी कोष्टके आहेत, योजना आहेत, सल्लागार आहेत. दुसऱ्याला मात्र ‘छंद जोपासा, देवदर्शन करा, नातवंडांत रमा’ याच्यापुढे सहसा उत्तर मिळत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचे वजन आकड्यांत मांडून पाहू. भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. मीरा रोडहून चर्चगेटला नोकरीसाठी जाणाऱ्याचे कामाचे ८ आणि येण्याजाण्याचे ३ असे ११ तास निवृत्तीनंतर मोकळे होतात. कामाचे दिवस वर्षाला २८० धरले, तर १८ वर्षांत हे ५५,००० हून अधिक तास होतात. एवढा काळ विरंगुळ्याने भरून निघत नाही. त्याला प्रयोजन लागते.

या लेखाचे प्रतिपादन असे : प्रयोजन एकट्याने बसून विचार केल्याने गवसत नाही, ते दुसऱ्याशी बांधून घेतल्याने तयार होते. मीरा-भाईंदरमध्ये अशा बांधिलकीला जागा शोधावी लागत नाही, कारण हे शहर घाईने वाढले आणि त्याची असंख्य कामे अर्धवट राहिली आहेत.

२. आर्थिक स्वातंत्र्य : व्याख्या आणि मर्यादा

रोजच्या खर्चासाठी श्रम विकण्याची गरज उरू नये, ही आर्थिक स्वातंत्र्याची साधी व्याख्या. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बाबतीत तिच्या चार अटी दिसतात : राहते घर कर्जमुक्त असावे, उत्पन्न महागाईच्या मागे फार पडू नये, मोठ्या आजारपणाची वेगळी तरतूद असावी आणि मुलांची शिक्षणे-लग्ने हातावेगळी झालेली असावीत.

वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी हा अलीकडे नोकरदारांच्या तोंडी असलेला ठोकताळा अमेरिकेतील विल्यम बेंगेन यांच्या १९९४ मधील अभ्यासावरून आला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढावे आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवावी, तर पुंजी ३० वर्षे टिकते, असा त्याचा आशय. पण तो हिशेब अमेरिकी बाजाराचा आहे. आपल्याकडे महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्याचे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये होतात. ही रक्कम आज आधाराची आहे, पण ती महागाईबरोबर वाढत नाही. म्हणून एकाच योजनेवर सगळा भार टाकू नये.

या शहरात आर्थिक स्वातंत्र्य साधारण तीन मार्गांनी आले. सरकारी, महापालिकेच्या, बँकेच्या किंवा आयुर्विम्याच्या नोकरीतले निवृत्तिवेतन हा पहिला. दुसरा गिरगाव, परळ, लालबागची पागडीची खोली देऊन इथे ओनरशिपचा फ्लॅट घेण्याचा. त्यातून काहींना घरही मिळाले आणि थोडी पुंजीही हाती राहिली. तिसरा स्वेच्छानिवृत्तीचा. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी व्हीआरएस घेतली. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून नव्वद हजारांहून अधिक लोक घरी बसले. त्यांच्यासाठी वयाची अट पन्नाशीची होती. स्वेच्छानिवृत्तीचा प्रश्न वेगळा एवढ्यासाठीच, की पैसा हाती आला तेव्हा अंगात कामाची पंधरा-वीस वर्षे शिल्लक होती.

इथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांचा आधार कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हा आहे, आणि तिचे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ज्याला सत्तरीत वॉचमनची रात्रपाळी करावी लागते, त्याच्यापुढे प्रयोजनाची चर्चा करणे निर्दयपणाचे ठरेल. पुढचे विवेचन पोटाची चिंता खरोखर मिटलेल्यांसाठी आहे, आणि त्यांच्यावर अधिक जबाबदारी येते ती याच कारणाने.

३. नोकरी पगाराखेरीज काय देते

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गिरणीगाव होते. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक निरीक्षण फार बोलके आहे. लोकांना वेळ भरपूर मिळाला, पण गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, वाटेत थांबू लागले. मोकळा वेळ वाढला तसा त्याचा उपयोग घटला.

याहोडा यांनी पुढे यातून सिद्धांत मांडला. पगाराखेरीज नोकरी माणसाला पाच गोष्टी देते : दिवसाची घडी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधायचे उद्दिष्ट, समाजातील ओळख आणि नियमित काम. मारिएन्थालचे लोक गरीबही झाले होते, त्यामुळे त्यांच्या खचण्याला उपासमारीचा हातभार होता, हे मान्य केले पाहिजे. पण सुस्थितीतल्या निवृत्तांकडे पाहिले, तरी या पाच गोष्टींची उणीव तशीच दिसते. निवृत्तिवेतन पगाराची जागा घेते. उरलेल्या पाचांची जागा कोणतीही योजना घेत नाही.

निवृत्तांसाठी सुचवल्या जाणाऱ्या उपायांची परीक्षा या पाच मुद्द्यांवर घेता येते. सकाळचा फेरफटका दिवसाला घडी देतो, उद्दिष्ट देत नाही. हास्यक्लबची चळवळ आपल्या शेजारच्या अंधेरीत, लोखंडवाला संकुलात, डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी सुरू केली. तिने असंख्य ज्येष्ठांना सोबत दिली, हे तिचे मोठे देणे आहे. पण एखाद्या दिवशी आपण गेलो नाही, तर तिथे कोणाचे काम अडत नाही. यात्रा-सहलींनी महिना उजळतो, वर्ष भरत नाही. दिवसभर शेअरचे भाव पाहत बसणे तर पाचांपैकी एकही गरज नीट भागवत नाही. पुंजी ज्या काळजीतून सोडवणार होती, त्याच काळजीत ते माणसाला परत नेते.

४. मीरा-भाईंदरचे वेगळेपण

या शहरात नगरपरिषद १९८५ मध्ये आली आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. मिठागरे, खाजण आणि भातशेतीच्या या पट्ट्यात वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक माणसे आली. त्यांतील बहुसंख्य नोकरदारांचे कामाचे ठिकाण मात्र दहिसरच्या पलीकडे, मुंबईत होते.

याचा परिणाम असा, की तीस-तीस वर्षे इथे राहूनही अनेकांना हे शहर दिवसाउजेडी दिसले ते फक्त रविवारी. रोजचे ३ तास प्रवासाचे, वर्षाचे २८० दिवस आणि ३० वर्षांची नोकरी, असा गुणाकार केला तर २५,२०० तास होतात. रात्रंदिवस मोजले तर जवळजवळ ३ वर्षे लोकलच्या डब्यात किंवा तिच्या वाटेवर गेली. ओळखीपाळखी, भजन, वाढदिवस, सुखदुःखाच्या गोष्टी सगळे त्या डब्यात. पास संपला की हा समाज एका दिवसात तुटतो. गावाकडच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर पारावर माजी विद्यार्थी भेटतात. शांतीनगरच्या निवृत्त कारकुनाला आपल्याच इमारतीतील माणसांची नावे सांगता येत नाहीत.

याच महापालिकेच्या हद्दीत उत्तन आहे. तिथल्या कोळीवाड्यात वय झालेला माणूस होडीवर जाणे सोडतो, पण किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतो, वारा-भरतीचा सल्ला देतो. म्हातारी बाई मासळी निवडते, बोंबील वाळत घालण्यावर देखरेख करते. काम शक्तीप्रमाणे लहान होत जाते, पण एका ठरावीक तारखेला संपत नाही. राई, मुर्धे, मोर्वा या जुन्या गावांतील शेतकरी-आगरी घरांतही हेच दिसत आले. एका दिवसात माणूस ‘माजी’ होतो, ही नोकरीच्या व्यवस्थेची देणगी आहे, निसर्गाची नव्हे. म्हणून तिच्यावरचा तोडगाही व्यवस्थेनेच काढावा लागेल.

तात्पर्य, मीरा-भाईंदरमधला निवृत्त माणूस निवृत्तीनंतर आपल्या शहरात खऱ्या अर्थाने पहिल्यांदा राहायला येतो. इथला त्याचा एकटेपणा यातूनच येतो, आणि त्याची संधीही.

५. निवृत्तीनंतरच्या अवस्था

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीच्या अवस्था मांडल्या. आधी उत्साहाचा काळ, मग उतरती कळा, त्यानंतर नव्याने जुळवणी आणि शेवटी स्थैर्य. प्रत्येक जण याच क्रमाने जातो असे नाही, पण आराखडा उपयोगी आहे.

उत्साहाच्या काळात राहिलेली कामे होतात : घराची रंगरंगोटी, कुलदैवत, परदेशातल्या मुलाकडे मुक्काम. उतरती कळा त्यानंतर लागते. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होते, दुपारी मोठ्या होतात, घरात बारीकसारीक गोष्टींवरून खटके उडू लागतात. या अवस्थेत आर्थिक धोकाही आहे. ‘डिजिटल अटक’ नावाने चाललेल्या फसवणुकीत हाती ठेवी असलेले आणि एकटे असलेले ज्येष्ठ सापडतात. भामटा फोनवर पहिल्यांदा बजावतो तेच, की कोणाला काही सांगू नका. ज्याला सांगायला माणसेच नाहीत, तो सहज बळी पडतो. अशा वेळी १९३० हा सायबर मदत क्रमांक कामाचा आहे, पण त्याआधी कामाला येतो तो शेजारी. माणसांत असणे ही पुंजीचीसुद्धा राखण आहे.

जुळवणीची अवस्था आपोआप येईल, असे समजण्यात चूक आहे. ती आणावी लागते. ती कशी आणतात, याचे उत्तम दाखले महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत.

६. पूर्वसूरींच्या तीन वाटा

पहिली वाट विस्ताराची. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. सत्तरी उलटल्यावर विद्यापीठासाठी परदेश दौरा केला. १९३६ मध्ये ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. स्त्रीशिक्षणाचे काम त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केले होते. निवृत्तीने त्याला मैदान दिले.

दुसरी वाट सातत्याची. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या गायकवाडांच्या सेवेतून १९२५ मध्ये निवृत्त होऊन कामशेतला राहिले. तिथे राहून त्यांनी मुंबई सरकारसाठी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले आणि १९४६ ते १९४८ या काळात, ऐंशी पार केल्यावर, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत दिला. ‘रियासत’ या इतिहासमालेच्या लेखनाची सवय चाकरीतलीच होती. पण निवृत्तीतले काम तडीला गेले त्यात आणखी एक गोष्ट होती : सरकारने सोपवलेली जबाबदारी होती, आणि पत्रांतून सतत विचारपूस करणारे जदुनाथ सरकार यांच्यासारखे मित्र होते.

तिसरी वाट वळणाची. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईत वकिली करत. पत्नी आणि मुलगी यांच्या मृत्यूनंतर त्यांनी १९१० च्या सुमारास वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताच्या संशोधनाला दिले. देशभर हिंडून त्यांनी बंदिशी मिळवल्या, त्या लिपिबद्ध केल्या, १९१६ मध्ये बडोद्याची संगीत परिषद आणि १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे करण्यात पुढाकार घेतला.

हे तिघेही असामान्य होते, आणि त्यांच्याइतके काम आपल्याकडून होईल असा दावा नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती पद्धत. तिघांच्याही कामाचे बी निवृत्तीआधी पेरलेले होते. तिघांनीही ते माणसांशी आणि संस्थांशी बांधले. आणि तिघांचेही काम त्यांच्यामागे चालू राहिले.

७. प्रयोजनाच्या पाच कसोट्या

यावरून कोणत्याही निवडलेल्या कामाला लावण्यासारख्या पाच कसोट्या निघतात.

पहिली, आपली वाट पाहणारा कोणी आहे का? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी.

दुसरी, आपण गेलो नाही तर कोणाचे अडते का? अडत नसेल, तर तो विरंगुळा आहे. विरंगुळाही हवाच, पण त्याला प्रयोजन समजू नये.

तिसरी, त्यासाठी काही नवे शिकावे लागते का? चाळीस वर्षे केले तेच डोळे मिटून करता येत असेल, तर मन लवकर विटते.

चौथी, शरीर थकल्यावर काम लहान करता येते का? पासष्टीत पायी फिरणारा पंचाहत्तरीत फोनवरून काम करू शकला पाहिजे.

पाचवी, ते दुसऱ्याच्या हाती सोपवता येते का? आपल्याबरोबर संपणारे काम अपुरे राहते.

८. शहरातील कार्यक्षेत्रे

अ) इमारती आणि त्यांची कागदपत्रे. इथल्या शेकडो सोसायट्या १९८० आणि १९९० च्या दशकांतील आहेत. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीच्या, कायद्याखाली सोसायटीची नोंदणी झाल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यायचे असते. पुष्कळांनी ते दिले नाही. अशा सोसायट्यांना जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करण्याचा मार्ग २००८ पासून खुला आहे. जमीन नावावर नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी सभासदांची बाजू लंगडी पडते. ३० वर्षांपलीकडच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटही लागते. या कामाला करारनामे जुळवणारा, दस्तनोंदणीचा इंडेक्स टू उतारा काढून आणणारा, तारखांना हजर राहणारा माणूस हवा. निवृत्त बँक कर्मचारी, कोर्टातील लिपिक, बांधकाम खात्यातील अभियंता यांच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण? आपल्या सोसायटीचे काम झाल्यावर शेजारच्या चार सोसायट्यांना तोच अनुभव देता येतो.

आ) पाणी. शहराचे पाणी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून येते. सूर्या प्रकल्पाचे पाणी ही अनेक वर्षांची मागणी. गळती, टँकरचा खर्च, टाक्यांची सफाई, पर्जन्यजलसंधारण यांच्या नोंदी महिनोन्‌महिने ठेवणारा माणूस सोसायटीत असला, तर तक्रारीला पुराव्याचे बळ येते. माहिती अधिकार कायदा २००५ पासून हाताशी आहे.

इ) रुग्णालय. भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णाला पहिली अडचण येते ती कुठे जायचे आणि कोणता कागद लागतो याची. मराठी, हिंदी, गुजराती बोलू शकणारा, फॉर्म भरून देणारा ज्येष्ठ तिथे फार मोठे काम करू शकतो. प्रशासनाची परवानगी घेऊन आणि ठरावीक वार घेऊनच हे करावे.

ई) मुले. महापालिकेच्या शाळांतील कित्येक मुलांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नसते. आठवड्यातून तीन संध्याकाळी चार मुलांना वाचन आणि गणित शिकवणे, एवढे ध्येय पुरेसे आहे. चारच मुले घ्यावीत, पण वर्षभर सोडू नयेत.

उ) ग्राहक आणि सहकार. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे वाणसामानाचे वाटप शेजाऱ्यांच्या गटांतून, स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे. यादी करणे, माल मोजून घेणे, हिशेब ठेवणे या साध्या कामांतून इमारतीतील माणसे एकमेकांना ओळखू लागतात. लोकलच्या डब्यात तुटलेला समाज इथे पुन्हा जुळू शकतो.

९. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : जन्मभर राबलो, आता विश्रांती हा हक्क आहे. आहेच. पहिले तीन महिने तर काहीही हाती घेऊ नये. झोप पुरी करावी, तपासण्या कराव्यात, उत्तनचा किनारा आणि घोडबंदरचा किल्ला पाहावा, आपले शहर पायी हिंडून समजून घ्यावे. पण श्रमांमागून येते तीच विश्रांती गोड लागते.

दुसरा : नातवंडे सांभाळणे हे प्रयोजन नाही का? निश्चित आहे, आणि पाचही कसोट्यांना बरेचसे उतरते. मात्र नातवंड दहा वर्षांचे झाले की त्याला आजोबांपेक्षा मित्र हवे असतात. तेव्हा दुसरे एक काम आधीपासून हाती असावे.

तिसरा आक्षेप स्त्रियांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. नवरा निवृत्त झाला की बायकोचे चहा, नाश्ते आणि दुपारची जेवणे वाढतात. नोकरी करणारी बाई निवृत्त होते ती फक्त ऑफिसातून. म्हणून घरातील कामाची फेरवाटणी हे निवृत्त पुरुषाचे पहिले सामाजिक कार्य समजावे. रोजचा एक स्वयंपाक, भाजी आणि दळण आपल्याकडे घेतले, तर दोघांचाही वेळ मोकळा होतो आणि दोघांनाही प्रयोजन शोधता येते.

चौथा : सोसायटी आणि संघांतील ज्येष्ठ खुर्ची सोडत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. सत्ता गेल्याची पोकळी सेक्रेटरीपदाने भरू पाहणारे असतात. यावर उपाय पाचव्या कसोटीत आहे. पद घेतानाच मुदत ठरवावी आणि पहिल्या दिवसापासून चाळिशीतला एक जोडीदार बरोबर घ्यावा.

१०. निष्कर्ष

आर्थिक स्वातंत्र्याने माणूस नको त्या कामाला नाही म्हणू शकतो. कशाला हो म्हणायचे, हे पैसा सांगत नाही. ते सांगते गरजेत असलेली माणसे आणि आपल्या हातातील कसब यांची गाठ. मीरा-भाईंदरमध्ये या दोन्ही गोष्टी विपुल आहेत, आणि बहुधा एकाच जिन्यावर राहतात.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असतील, तर आजपासून शनिवारसाठी एक काम धरा. निवृत्त झाला असाल, तर या महिन्यात सोसायटीच्या कार्यालयात जा, जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ती फाइल हाती घ्या. जवळच्या शाळेत किंवा रुग्णालयात जाऊन आठवड्यातला एक वार कबूल करा. सहा महिने तो मोडू नका. ज्या शहराने तीस वर्षे आपल्याला रात्रीचा आसरा दिला, त्याला आता आपले दिवस द्यायला हवेत. ते आपले कर्तव्य आहे, आणि आपल्या उरलेल्या आयुष्याचे भलेही त्यातच आहे.